रोलमधला बारावा फोटो

लवकर पिकणारा हलका धान कापून झालेला आणि उशिराचा भारी धान अजून बांधीत उभा, असे दहा-पंधरा दिवस आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे येत. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घालून पाणी अडवलेला धानाचा तुकडा. नागपूरला विमान उतरायला लागतं तेव्हा खिडकीतून खाली जे चौकोन दिसतात ना, ज्यांना तुम्ही नातवंडं लहानपणी पाट्या म्हणायचात, त्याच बांध्या. त्या दिवसांत आमच्या घरी सकाळ व्हायची ती मुसळाच्या आवाजानं. नवा धान रात्री भिजत घातलेला असे. सकाळी तो कढईत भाजायचा आणि गरम असतानाच उखळात कांडायचा, की पोहे तयार. एक बाई मुसळ चालवायची आणि दुसरी, मुसळ वर गेलं की तेवढ्यात उखळात हात घालून पोहे उलथायची. मला लहानपणी तिच्या बोटांची फार भीती वाटे. आई मात्र शेजारी बसून कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांना पीठ लावत असायची आणि त्या दोघींशी गप्पा मारत असायची, जणू काही त्या फुलंच वेचत होत्या. ते गरम पोहे, त्यावर गूळ आणि ओलं खोबरं, एवढीच आमची सकाळची न्याहारी. दुपारी तलावातून काढलेले शिंगाडे उकडून टोपलीभर अंगणात येत. लाखोरीच्या डाळीच्या वड्यांचा वास तर सणाच्या आधी चार दिवस घरातून हलत नसे. तुमच्या आईला तो वास कधीच आवडला नाही. मला अजून मधूनच येतो, इथे कोणी काही तळत नसतानाही.

आमचं गाव आसगावपासून दोन कोसांवर, अगदी जंगलाला लागून. शेवटची बांधी संपली की बोडी, म्हणजे छोटा तलाव, आणि बोडीच्या पलीकडे लगेच झाडी. बाबा शेती करत. मोजकं बोलत. त्यांच्याकडे पीक राखायची बंदूक होती, पण ती ते आकाशाकडे तोंड करूनच उडवत. रानडुकरं आवाजानं पळतात, त्यांना मारायला कशाला हवं, असं त्यांचं म्हणणं. मुलगी शिकली पाहिजे, आणि इंग्रजी शिकली पाहिजे, हेही त्यांचंच म्हणणं. म्हणून मी नागपूरला नन्सच्या शाळेत आणि मग कॉलेजात, होस्टेलवर राहून शिकले. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला पहिला वर्ग मिळाला तेव्हा मामांनी मला डबा कॅमेरा दिला. एका रोलवर बारा फोटो. पाठीमागे लाल काचेची बारीक खिडकी, तीत नंबर दिसायचा. मी एक वही केली होती. फोटोचा नंबर, वेळ, ऊन कसं, अंतर किती पावलं, असे रकाने पाडून. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्याशिवाय मला तेव्हाही चैन पडत नसे.

कॉलेजच्या लायब्ररीत एका इंग्रजी पुस्तकात मी परदेशातल्या हरणांचे फोटो पाहिले होते. शरद ऋतूत माजावर आलेले नर, धुक्यात मान वर करून ओरडणारे. मला वाटलं, हे तर आमच्याकडेही आहे. आमच्याकडचं सांबर दिवाळीच्या सुमाराला माजावर येतं. एरवी दिवसा न दिसणारा नर त्या दिवसांत बेफिकीर होतो. मानेवरची आयाळ फुगते, चिखलात लोळतो, झुडपांवर शिंगं घासून साली काढतो आणि सकाळचं ऊन वर आलं तरी बोडीच्या काठावर रेंगाळतो. असा फोटो आमच्या भागातल्या कोणी काढलेला नव्हता. तो मी काढणार होते. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर तो लागलेलाही मला दिसत होता. खाली माझं नाव.

मला तिथे नेणारा होता दसरू काका. तो आमचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीनं घरच्या शेतीवर राहणारा माणूस. वय पन्नाशीच्या पुढे, अंगानं काडी, आणि चालला तर वाळलेलं पान वाजायचं नाही. मी चालायला लागले ती त्याचं बोट धरून, असं आई सांगायची. कोणतं जनावर कधी गेलं, एकटं होतं की जोडीनं, पोट भरलेलं होतं की उपाशी, हे तो मातीकडे पाहून सांगायचा आणि ते खरं निघायचं. दिवाळीच्या सुटीत आले की मी रोज पहाट फुटताना त्याच्याबरोबर बोडीवर जायची. पहिला रोल असाच गेला. तो धुवायला मी कोंढ्याहून बस धरून, कारध्याच्या पुलावरून भंडाऱ्याला गेले. स्टुडिओवाल्यानं बाराही फोटो काउंटरवर ओळीनं मांडले आणि चष्मा वर करून विचारलं, "बाई, हे कायचे फोटो हायेत?"

"सांबराचे."

"हो का? मंग सांबर कोनतं आन् झाड कोनतं?"

तो चेष्टा करत नव्हता. एकात झाडी होती, एकात झाडी आणि एक ठिपका, एकात माझाच अंगठा. मी घरी येऊन दसरू काकाला ते दाखवले. तो खूप हसला. "बेबी, तुह्या डब्याले नजर नाही. थो आंधळा होय." मला घरात सगळे बेबीच म्हणत, तुमच्या आजोबांनी लग्नानंतर ते बंद केलं. मी त्याला समजावलं की या कॅमेऱ्याला दूरचं दिसत नाही, दहा-बारा पावलांवर आलं पाहिजे. तो हसायचा थांबला. "बारा पावलं? बारा पावलांवर थो येत नाही. त्याले आनावं लागते."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की दसरू काका तरुणपणी मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, शिकारी पाहुण्यांसाठी सांबर बोलावायचा. गळून पडलेलं शिंग घेऊन तो ते सागाच्या कोवळ्या झाडावर घासायचा, फांद्या मोडायचा, पायानं माती खरवडायचा. माजावरच्या नराला वाटायचं, आपल्या हद्दीत दुसरा कोणी आला. तो मग वारा, वास, माणूस काही पाहत नसे, सरळ आवाजावर यायचा. याला ते हाक देणं म्हणत. आमच्या भागात ही हाक देणारी दोनच माणसं होती आणि त्यातलं एक मरून गेलं होतं. दसरू काकानं मात्र ती कधीचीच सोडली होती. शिवेवर मोहाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला देवाचा दगड होता, त्याच्या वरच्या फांदीला त्यानं आपलं शिंग बांधून टाकलं होतं. मी लहानपणापासून ते शिंग पाहत आले होते. मला वाटायचं, कोणाचा तरी नवस असेल.

"काहून सोडलं, काका?" मी विचारलं.

त्यानं न पेटवलेली बिडी बोटात फिरवली. "तूच सांग. एखांद्याले जेवाले बोलवाचं आन् दाराआड काठी घेऊन उभं राहाचं, याले काय म्हनतेत? धावून मारलं त थे येगळं. बोलावून मारनं मले नाही जमलं. देवाले सांगतलं, आता हाक नाही देत."

आता मागे वळून पाहताना वाटतं, मी तिथेच उठून घरी जायला हवं होतं. पण मी एकोणीस वर्षांची होते आणि वादविवाद स्पर्धेत कप मिळवलेला होता. मी त्याला सलग तीन दिवस समजावलं. कॅमेरा मारत नाही. कॅमेरा फक्त पाहतो. जनावर येईल, उभं राहील, निघून जाईल. उलट, मी म्हटलं, लोक फोटो पाहतील तर मारायचं सोडतील. शेवटचं वाक्य मी इंग्रजी पुस्तकातून उचललं होतं. ते मला फार पटलेलं होतं, आजही पटतं, एवढंच की ते मी कोणत्या कामासाठी वापरलं हे मला माहीत आहे. चौथ्या दिवशी तो म्हणाला, देवाला विचारू. दोन ओले तांदूळ त्यानं दगडाच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवले. उजवा आधी पडला तर परवानगी. आम्ही उकिडवे बसून राहिलो. उजवा पडला. त्यानं फांदीवरचं शिंग सोडवलं, कपाळाला लावलं आणि माझ्याकडे न पाहता देवाशी बोलल्यासारखं म्हणाला, "रगत नाही सांडनार. पोरीनं शबूद देल्ला हाये." मग माझ्याकडे वळून, "कोनाले आनू नको. आपुन दोघंच."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी जायचं ठरलं, कारण त्या दिवशी कापणीच्या बायका उशिरा येणार होत्या. मधे फक्त सण होता. त्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीचा, शालूताईचा, पहिला दिवाळसण होता.

दिवाळसण म्हणजे काय ते तुम्हाला चित्रातूनही कळायचं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावई सासरी येतो आणि त्या दोन-तीन दिवसांत त्याच्या तोंडातून जे निघेल ते घरानं पुरं करायचं असतं. जावयानं पानावर बसून रुसायचं, हीसुद्धा रीतच. ताट वाढलेलं असतं, समया लागलेल्या असतात, जावई हात घालत नाही, मग सासरा विचारतो, काय हवं? कोणी अंगठी मागतो, कोणी घड्याळ. भाऊजी नागपूरला मोठ्या नोकरीत होते, दिसायला देखणे, बोलायला मोकळे, आणि आम्हा सगळ्यांना ते आवडत. मलाही. ते रुसून बसले तेव्हा आम्ही हसतच होतो.

"मामंजी, घड्याळ आहे माझ्याकडे," ते म्हणाले. "मला सांबराची शिंगं पाहिजेत. आमच्या साहेबांच्या दिवाणखान्यात आहेत तशी. पण बाजारातली नाही हं. मी स्वतः मारलेली."

हसणं थांबलं. बाबा म्हणाले, "शिकार बंद झाली हो आता. कायदा आहे."

"कायदा नागपूरले असते, मामंजी. तुमच्या झाडीत कोण पाहून राहिलं?"

आईनं पुन्हा एकदा पुरणपोळीवर तूप वाढलं, काहीतरी करायचं म्हणून. भाऊजींचा हात मांडीवरच. सुरुवातीला रीत म्हणून रुसलेला माणूस हळूहळू खरोखर रुसायला लागतो, आणि मग त्याला स्वतःलाही उतरता येत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं. शालूताई दाराशी उभी होती. तिच्या सासूपर्यंत ही गोष्ट कशी जाईल, हे सगळं तिच्या तोंडावर दिसत होतं. अन्न निवत चाललं.

आणि मी बोलले. "मी देते तुम्हाला शिंगं, भाऊजी. पण एका अटीवर. आधी माझा फोटो, मग तुमची गोळी."

सगळे एकदम हसले. सुटल्यासारखे. भाऊजींनी घास घेतला, आईनं डोळे पुसले, शालूताई माझ्याकडे पाहून अशी हसली की मला वाटलं, मी केवढं मोठं काम केलं. बाबा हसले नाहीत. पण पानावरच्या जावयासमोर ते काही बोललेही नाहीत.

पुढचे दोन दिवस मी स्वतःला काय काय सांगितलं, ते मला नीट आठवतं. एक, भाऊजी शहरातला माणूस, पहाटे उठणारच नाहीत. दोन, उठले तरी बाबा बंदूक देणार नाहीत. तीन, दिली तरी यांनी कधी बंदूक धरलेली नाही, नेम चुकेल, सांबर पळेल, रीत पुरी होईल आणि माझा फोटोही होईल. अशी यादी केली की मला नेहमीच बरं वाटतं. या यादीत एक गोष्ट नव्हती. दसरू काकाला सांगायचं की नाही. ते मी यादीत घेतलंच नाही, कारण त्याचं उत्तर मला माहीत होतं. सांगितलं असतं तर त्यानं हाक दिली नसती.

भाऊजी उठले. बाबांनी बंदूक दिली. त्यांनी ती कशी दिली हे मी पाहिलं नाही, पण सकाळी बंदुकीचा कोनाडा रिकामा होता. माझ्याशी ठरल्याप्रमाणे भाऊजी आमच्या आधी दुसऱ्या वाटेनं जाऊन शेवटच्या बांधीच्या धुऱ्यामागे आडवे झाले. दसरू काका आणि मी नंतर निघालो. त्यानं अंघोळ केलेली होती आणि धुतलेलं धोतर नेसलं होतं, देवाच्या कामाला निघाल्यासारखं. शिंग फडक्यात गुंडाळून काखेत. बोडीजवळ आल्यावर तो थांबला.

"बेबी, कोनी आलं त नाही ना?"

"नाही काका. कोण येणार?"

"नाही ना?"

"नाही म्हटलं ना."

त्यानं मान हलवली आणि पुढे झाला. मला चिखलाच्या काठावर, आदल्या दिवशी रचून ठेवलेल्या फांद्यांच्या आडोशात बसवलं. सूर्य माझ्या पाठीशी होता. तो स्वतः माझ्या डाव्या हाताला पळसाच्या झुडपामागे गेला. मग तो आवाज सुरू झाला. तो मी तुम्हाला शब्दांत देऊ शकत नाही. सालीवर शिंग घासल्याचा कोरडा, रागीट आवाज, मग फांदी मोडल्याचा, मग शांतता, मग पायानं माती उकरल्याचा. पन्नाशीचा काडीसारखा माणूस तिथे नव्हताच. त्या झुडपामागे एक सांबर होतं, मला शपथेवर सांगता आलं असतं.

तो आला. आधी वास आला, बोकडासारखा उग्र, मग पलीकडची झाडी हलली आणि तो उघड्यावर उभा. चिखलानं काळा झालेला, मानेवरची आयाळ ओली, शिंगांना उपटलेलं गवत लोंबत होतं, एखाद्यानं लग्नाला मुंडावळ्या बांधाव्यात तसं. नाकातून वाफ निघत होती. तो पावलं आपटत आला, थांबला, पुन्हा आला. मी पावलं मोजत होते. वीस. सोळा. बारा. ऊन त्याच्या पूर्ण अंगावर पडलं होतं. डोळ्याखालची चिरेसारखी खाच मला दिसत होती. लाल खिडकीत बाराचा आकडा होता, दुसऱ्या रोलमधला शेवटचा. त्यानं मान उचलली आणि मी खटका दाबला. कॅमेऱ्याचा आवाज तो केवढा, टिच. त्याला तो ऐकूही आला नसेल.

मग गोळी सुटली.

नेम चुकला, माझ्या यादीत होता तसाच. पण पूर्ण चुकला नाही. गोळी पोटात लागली. तो उडाला, खाली आला आणि उभ्या धानातून, बांध्यांमागून बांध्या तुडवत, नाल्याकडे गेला. भाऊजी धुऱ्यावर उभे राहून ओरडत होते, "लागली! लागली!" दसरू काका झुडपामागून बाहेर आला. त्याच्या हातात शिंग होतं. त्यानं भाऊजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काहीही विचारलं नाही. तासाभरात वीस-पंचवीस बायका विळे घेऊन त्याच बांध्यांत उतरणार होत्या. माजावरचा, पोटात गोळी असलेला नर धानात बसलेला आणि त्याच्यावर वाकलेल्या बायका. त्यानं शिंग खाली ठेवलं, धोतर खोचलं, आदल्या दिवशी आडोशाच्या फांद्या तोडून तिथेच ठेवलेली कुऱ्हाड उचलली आणि रक्तामागे चालायला लागला.

मी त्याच्या मागे गेले. किती वेळ ते वहीत नाही. ऊन डोक्यावर आलं होतं. नाल्यातल्या काटेरी झुडपांत तो बसलेला सापडला, मान अजून वर. दसरू काकानं कुऱ्हाड खाली ठेवून हात जोडले. मग उचलली. मी पाठ वळवली. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं, तर कॅमेऱ्यातली फिल्म संपलेली आहे. ते आलं, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. त्याच संध्याकाळी मी वही काढून लिहिलं: "क्र. १२. सकाळ. ऊन उत्तम. अंतर बारा पावलं." अक्षर अगदी नीट आहे. कुठेही हात हललेला नाही.

मांस बाबांनी घरात येऊ दिलं नाही. गावानं वाटून घेतलं. हाक देणाऱ्याला काळजाचा वाटा द्यायची जुनी रीत होती, तो घेऊन कोणी दसरू काकाच्या घरी गेलं, तर दार बंद होतं. भाऊजी शिंगं घेऊन नागपूरला गेले. ते वाईट होते असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आता तर ते हयातच नाहीत. त्यांनी मागितलं, एवढंच. द्यायचं कबूल मी केलं होतं. रात्री जेवताना बाबा मला म्हणाले, "एक दिवस उपाशी राहिला असता जावई. काय बिघडत होतं?" त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही. बंदूक त्यांनी त्याच महिन्यात सरकारजमा केली आणि पुढच्या वर्षीपासून रानडुकरांसाठी आम्ही डबे वाजवायला लागलो.

दसरू काका मोहाच्या झाडाकडे गेला नाही. ते शिंग त्यानं परत फांदीला बांधलं नाही, बोडीत खोल पाण्यात टाकलं. देवाला का दिलं नाही, असं आईनं विचारलं, तर म्हणाला, "माय, देवाले कोन्त्या तोंडानं देऊ?" कामावर तो रोज येत राहिला. मला पाहिलं की नेहमीसारखं, "काय बेबी, चहा पेली का?" त्यानं मला टाकून बोललं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटायचं. पुढे माझं लग्न झालं, मी पुण्याला आले, आणि तो गेल्याचं मला आईच्या पत्रातून कळलं. पत्रात खाली दोन ओळी, पावसाच्या बातमीनंतर.

पण त्याआधीची एक गोष्ट सांगायची आहे, आणि खरं तर तीच सांगण्यासाठी मी हे प्रकरण लिहायला घेतलं. रोल धुऊन आला तो मी हिवाळ्याच्या सुटीत आणला. बारावा फोटो उत्तम आला होता. स्टुडिओवाला उठून उभा राहिला होता. "बाई, काचेत लावू का हा?" मी नाही म्हटलं. कॉलेजच्या बोर्डावरही तो लागला नाही. तो घेऊन मी खळ्यावर गेले. दसरू काका एकटाच मळणी झालेलं तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, रचत होता. मी फोटो पुढे केला. त्यानं हात धोतराला पुसले, दोन्ही हातांनी कडेला धरला आणि किती तरी वेळ पाहत राहिला.

"हा माह्याकडं पाहून राहिला," तो म्हणाला.

खरंच. मला ते तोवर दिसलंच नव्हतं. सांबर कॅमेऱ्याकडे पाहत नव्हतं. ते डाव्या हाताच्या झुडपाकडे पाहत होतं, जिथून हाक आली होती.

मी तिथेच तणसावर बसले. बोलायचं ठरवून आले होते ते सगळं विसरले आणि एवढंच म्हणाले, "काका, मला माहीत होतं. भाऊजी धुऱ्यामागे आहेत, हे मला माहीत होतं."

"मले बी," तो म्हणाला.

मला वाटलं, त्याला नंतर कळलं असं तो म्हणतो आहे. "नंतर?"

"नंतर काहून? आपुन गेलो तवाच. धुऱ्यावर दवात बुटाचा माग होता ना. ताजा. एक मानूस, जड काही उचलून चालला होता. आंधळ्यालेबी दिसला असता."

"मग हाक कशाला दिली?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. जणू मी काहीतरी सोपं विसरले होते आणि तो त्याची आठवण करून देत होता.

"मी तुले इचारलं ना, कोनी आलं त नाही ना म्हून. दोनदा इचारलं. तू म्हटलं, नाही. मंग म्या म्हटलं, बेबी सांगते त मागच चुकला असंन."

मग त्यानं फोटो माझ्या हातात दिला. "झाकून नेजो," म्हणाला. "बोटं उमटतीन." आणि तणसाची पुढची पेंढी उचलली.